रुमालाखालचा भाव

सिराजुद्दीन दलालाने उभ्या आयुष्यात कुठलाही भाव तोंडाने सांगितला नव्हता. आधी बैलांचे आणि मोटारी आल्यावर जुन्या मोटारींचे सौदे त्याने रुमालाखालीच केले. गिऱ्हाईक शेजारी बसायचं, दोघांच्या हातांवर रुमाल पडायचा आणि बोटं दाबून भाव ठरायचा. चहा निवला तरी हात सुटत नसत. बायको सफुरा गेली, मुलगी गुलबानू लग्न होऊन मुंबईला गेली. तेव्हापासून त्याचा हात कुणी हातात घ्यायचं ते एवढ्याच वेळी.

मग कुण्या दलालाने ब्रेक धड नसलेली मोटार गळ्यात मारली आणि ती घाटात उलटली. कचेरीने नियम काढला. परवाना नसेल त्याने मोटारीची दलाली करायची नाही. भाव आणि खोड चारचौघांत मोठ्याने सांगायची. सिराजुद्दीनला नियम पटला. त्या मोटारीत त्याच्या ओळखीची माणसं होती.

परवान्यासाठी तो श्रीवर्धनच्या कचेरीत गेला. परवान्याआधी साहेबांसमोर एक सौदा करून दाखवायचा होता, म्हणून आवारात एक जुनी मोटार उभी होती. तिचा मालक होता, ती घ्यायला आलेला भातशेतीवाला दादू होता. नवे साहेब घाटावरचे, शहरात वाढलेले; रुमालाची रीत त्यांना ठाऊक नव्हती.

"बोला, काय किंमत हिची?" साहेबांनी विचारलं.

मालकासमोर भाव तोंडाने काढणं म्हणजे त्याची अब्रू काढणं. सिराजुद्दीन सवयीने पुढे झाला, साहेबांच्या हातावर रुमाल टाकला आणि त्यांची बोटं दाबली.

साहेबांनी चटका बसावा तसा हात ओढला. "लाच देता? भर कचेरीत?"

"लाच न्हाय वो साहेब!" दादूला हसू आवरेना. "चाचा भाव सांगत्यात. तुमी घासाघीस करा की!"

सगळं आवार हसलं. साहेबही ओशाळून हसले. "असं होय! पण चाचा, तोंडाने सांगा. नाहीतर परवाना नाही."

दुसरा धंदा त्याला येत नव्हता. मालकाकडे न बघता त्याने भाव सांगितला. स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. मग खोड सांगितली: चढावर गिअर सुटतो. मालकाने थोडं कमी केलं, दादूने मान हलवली, सौदा उभ्याउभ्याच झाला. चहासुद्धा कुणी सांगितला नाही.

परवाना मिळाला. धंदाही वाढला. परवानेवाला दलाल म्हणून लोक लांबून यायचे, विचारायचे आणि जायचे.

पुढच्या हिवाळ्यात दादू दुसरी मोटार बघायला आला. रस्त्यापलीकडूनच म्हणाला, "चाचा, त्या हिरवीचा काय भाव?"

"ये रं, बस जरा. सांगतो निवांत." सिराजुद्दीन बाकावर सरकला.

"बसायला कशाला? आता काय चोरी हाय? तिथनंच सांगा की!"

सिराजुद्दीनने भाव ओरडून सांगितला.

"आन् खोड?"

"भोंगा वाजत न्हाय!"

"मंग तुमीच बसा माझ्या शेजारी, वरडायला!" दादू मोठ्याने हसला आणि बाजाराकडे चालू लागला.

कधी येऊ, असं सिराजुद्दीनच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते काही ओरडून विचारण्यासारखं नव्हतं.