पुढच्या महिन्यातला रविवार

लाल टॅग. कंपनीत खराब मालाला लावतात तो. त्याच्या पाठीमागे उत्कर्षाचं बारीक अक्षर — टोपी, पॉवर बँक, ग्लुकोजची पुडी... आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित, ‘गेट उघडायच्या आधी तीन तास’. कोरियन गाण्यांचा जलसा, पुढच्या महिन्यातला पहिला रविवार, ताथवड्याच्या पलीकडचं उघडं मैदान, तीन तास डोक्यावर ऊन. आणि स्वरूपाला त्या उन्हाचंही कौतुक होतं, अगदी आज सकाळपर्यंत होतं. आता कँटीनच्या टेबलावर ती यादी तिला वाचवत नव्हती.

दहाच्या चहाला दोन कोरियन साहेब तिच्या मशीनशेजारी बोलत उभे होते. अगदी बिनधास्त. चाकणच्या कंपनीतल्या पोरीला आपली भाषा कळत असेल हे त्यांच्या स्वप्नातही नसणार — शाळेत दहा वर्षं घोकून इंग्रजी आली नाही आणि ही मात्र गाणी ऐकता ऐकता, मालिका बघता बघता आपोआप आली, आणि कधीतरी हिचा उपयोग होईल असं वाटायचं... झाला. दोन नंबरची लाइन. महिनाअखेर बंद. पोरी सगळ्या घरी. आपण चुकीचं ऐकलं, असं तिनं स्वतःला चारदा बजावलं, पण पटेना.

स्वरूपा एक नंबरच्या लाइनवर होती. उत्कर्षा, तिची खोलीतली मैत्रीण, दोन नंबरच्या. आणि परभणीहून इकडे पाठवताना उत्कर्षाच्या वडिलांनी एकच अट घातली होती, नोकरी आहे तोवर राहा. नोकरी सुटली की लग्न. मुलगा तिकडे केव्हाचा ठरलेला, उत्कर्षा त्याचं नावसुद्धा घेत नाही.

“अगं जेव की, काय बघायलीस?” उत्कर्षा ताट घेऊन समोर बसली. “ऐक ना, आकुर्डीच्या कंपनीतून फोन आलता. उद्याच मुलाखतीला ये म्हणले. पण नव्या जागी लगेच रविवारची सुट्टी कोण देणारंय? आपला दिवस जाईल. जाऊ का नको, तूच सांग.”

सांग. आत्ताच्या आत्ता सांग. पण सांगितलं तर ही उद्या जाईल, तिथं लागेल, आणि त्या रविवारी मैदानात मी एकटी... आणि नाही सांगितलं तर? महिनाअखेर लाइन बंद, मग आवराआवर, गावाकडे फोनाफोनी, एवढ्यात आठवडा सहज जाईल, म्हणजे रविवारी ती इथंच असेल — हे सगळं मी कधी जुळवलं? चहाच्या वेळीच?

“नको जाऊस,” स्वरूपा म्हणाली. “इथं काय वाईट चाललंय?”

“मीबी तेच म्हणलं!” उत्कर्षानं खुशीत आपल्या वाटीतला गुलाबजाम उचलून तिच्या ताटात टाकला.

अजून वेळ आहे. संध्याकाळची बस आहे, खोलीवर गेल्यावर आहे, उद्या सकाळ आहे... सांगता येईल. येईलच. स्वरूपानं गुलाबजाम खाल्ला. तो गोड लागला, आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.