काडेपेटीतला पुरावा

इथिओपियातल्या देब्रे बिरहान गावात जठराला आणि जठराच्या दुखण्याला एकच शब्द आहे: चग्वारा. त्यामुळे कुणी "मला चग्वारा आहे" म्हणाले, की आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेतली अस्नाकेच सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणे, "सगळ्यांनाच असतो. नसता तर जेवण गेलं कुठे असतं?" वीस वर्षांत तिचा हा विनोद एकालाही कळला नव्हता. लोक तिला गंभीरपणे उपाय सांगत: जवसाचे पाणी, कोबीचा रस. कॉफीच्या तिसऱ्या फेरीला तर लेकराचे कौतुक सांगावे तसा जो तो आपापला चग्वारा सांगत बसे.

या मंडळींचा मुकादम म्हणजे तिचा थोरला भाऊ गेटिनेत. भूगोलाचा शिक्षक असल्यामुळे तो पोटावर नकाशा दाखवावा तसे बोट फिरवी: इथे जळते, इथे कुरतडते. अकरा वर्षे. पोट दुखते म्हणून जवस, गुडघे दुखतात म्हणून रोज दोन वेदनाशामक गोळ्या, त्याही उपाशीपोटी. कारण ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात पाद्रीबाबांनी आजाऱ्यांना दिलेली सूट घेणे त्याला कमीपणाचे वाटे. त्या गोळ्या जठराचे अस्तर सोलतात, हे तिने त्याला एकदा सांगितले होते. एकदाच. पुन्हा सांगण्याइतकी त्याच्या अकलेविषयी तिला आशा नव्हती.

त्या मंगळवारी गेटिनेत चढ चढून आला, दारातच चौकट धरून थांबला, आणि धाप ओसरल्यावर त्याने तिच्या टेबलावर एक काडेपेटी ठेवली. तपासणीसाठी शौच आणायची इथली हीच रीत.

"बघ," तो विजयाने म्हणाला. "मूळ पडलं."

"कशाचं मूळ?"

"चग्वाऱ्याचं! मर्गेता किन्फेंनी सांगितलंच होतं. तिसऱ्या बाटलीनंतर काळं पडायला लागेल, ते पडलं की रोग गेला. चार दिवस नुसतं काळंकुट्ट. तू आपली नळकांड्यातून बघत बस, त्यांनी नुसती जीभ बघून सांगितलं."

अस्नाकेचने पेटी उघडली. आतला ऐवज डांबरासारखा, चिकट, चकचकीत होता. तो वास एकदा ओळखला की चुकत नाही. मर्गेता म्हणजे चर्चमधला पंडित आणि झाडपाल्याचा वैदू; त्याच्या बाटलीत काय असेल ते असो. त्याची खरी करामत निराळी होती. रोग हाताबाहेर गेल्याची जी खूण, तीच त्याने रोग बरा झाल्याची खूण म्हणून आधीच सांगून ठेवली होती. अशा औषधाला अपयश येऊच शकत नाही. रोगी तेवढे मरतात.

तिने भावाची खालची पापणी ओढली. आत कागदासारखे पांढरे. नाडी एकशे अठरा. बोटातून काढलेला थेंब यंत्रात घातला: हिमोग्लोबिन सहा.

"दादा, हे मूळ नाही. रक्त आहे. जठरात जखम आहे, ती वाहतेय, आणि पचलेलं रक्त काळं दिसतं. रोग बाहेर पडत नाहीये. या पेटीत तू आहेस, थोडा थोडा."

"तुला कधी माझं चांगलं बघवलंय?"

"आज रक्त गळतंय. उद्या भोक पडलं, तर आम्ल आणि अन्न पोटाच्या पोकळीत सांडेल. मग तुझे मर्गेता जीभ बघतील, तोपर्यंत ती बाहेर आलेली असेल."

"मी त्यांनाच विचारतो," असे म्हणून गेटिनेत ताडकन उठला, आणि तितक्याच झटक्यात जमिनीवर बसला. तेवढाच एक मुद्दा त्याला पटला. अस्नाकेचने रुग्णवाहिका बोलावली.

मोठ्या रुग्णालयात नळी घालून पाहिले: जठराच्या खालच्या तोंडाशी व्रण, तळाशी उघडी पडलेली रक्तवाहिनी. डॉक्टरांनी ती बंद केली, रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या. त्यांतली एक अस्नाकेचची.

जठरात व्रण करणारा जिवाणू आहे का हे पाहायची पट्टी तिने आपल्या प्रयोगशाळेत, त्याच काडेपेटीतल्या नमुन्यावर लावली. पंधरा मिनिटांत दोन रेषा उमटल्या. म्हणजे या जिवाणूने जखम करायची, गोळ्यांनी ती खोल करायची, असा संसार चालला होता. चौदा दिवसांच्या औषधाने जाणारा जिवाणू. पट्ट्यांचा खोका तिच्या मागच्याच कपाटात सहा वर्षे होता.

ती अहवाल घेऊन खाटेपाशी गेली. गेटिनेतने तो दोनदा वाचला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परतला होता, आणि दुर्दैवाने आवाजही.

"म्हणजे मला खरंच चग्वारा होता?"

"होता."

"अकरा वर्षं सांगत होतो मी. तू काय म्हणायचीस?"

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कान देऊन ऐकत होता. अस्नाकेचने गोळ्यांची पाकिटे उघडून सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी लावायला घेतली. तिने काय म्हटले होते ते तिला शब्दन् शब्द आठवत होते. तिने तपासले मात्र एकदाही नव्हते.

"तोंड उघड," ती म्हणाली.