दाताखालची कचकच

ॲन्सेल्म सरांनी हातोडीनं खडकाची नखाएवढी कपची काढली, फुंकर मारली आणि ईस्टरला बसवलेल्या नव्या कवळीच्या पांढऱ्याशुभ्र दातांत धरून चावली. डोळे मिटले. मग अंगणात थुंकले.

"लोणी! निव्वळ लोणी. आणि तू लिहितेस पोयटा?"

क्षितिजा ओट्यावर प्रबंध मांडीवर घेऊन बसली होती. रविवार असूनही ती जूचंद्रहून सांडोरला आली होती, ती सरांच्या एका सहीसाठी. उद्या प्रबंध विद्यापीठात गेला नाही तर हातात आलेली नोकरी जाणार होती.

लाव्हाच्या थरांमध्ये गाडल्या गेलेल्या प्राचीन तळ्यांच्या गाळाचे हे खडक. कुठला चिकणमातीचा, कुठला पोयट्याचा, एवढंच तिला ठरवायचं होतं. सरांची रीत जुनी होती: चावून बघायचं. चिकणमाती दाताला गुळगुळीत लागते, पोयटा कचकचतो. सगळ्या विद्यार्थ्यांना त्यांनीच ते शिकवलं होतं.

"सर, मला कचकच लागली. सूक्ष्मदर्शकाखालीही दाणे दिसले."

"त्या यंत्राला जीभ आहे का? खडक म्हणजे तुम्हाला मोबाईलमधला फोटो वाटतो. कुणालाही पदव्या वाटत सुटलेत मेले!"

एकेक नमुना चावत, थुंकत ते तिची अक्कल काढत राहिले. शेवटी मुखपृष्ठावर त्यांनी पेन्सिलीनं ठसठशीत लिहिलं, 'वर्गीकरण चूक. परत.' क्षितिजाचा चेहरा उतरला. रडकी मुलं सरांना अजिबात आवडत नसत. त्यांनी तोंड फिरवलं.

"ए पोरी, उपाशी जायचं नाही हां," सरांच्या बायकोनं, लूर्डसबाईंनी आतून दटावलं.

जेवायला राजोडीच्या कृष्णाबाई कोळणीनं दिलेल्या तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं होतं. सर तुटून पडले. दुसऱ्यांदा वाढून घेताना त्यांच्या लक्षात आलं की बाकी दोघींचे हात थांबलेत.

लूर्डसबाईंनी घास हातावर काढला. "शी! सगळी रेती. कचाकचा लागतंय नुसतं. पोरी, टाक ते."

"काय रेती? झकास झाल्यात," सर म्हणाले.

"तुम्हाला लागत नाही?"

सर पुढचा घास सावकाश चावू लागले. थांबले. पुन्हा चावला. क्षितिजा खाली मान घालून भात कालवत होती. तिनं वर बघितलं नाही. अगदी मुद्दाम बघितलं नाही.

सर हात न धुताच उठले आणि ओट्यावरची कपची घेऊन आले.

"चाव."

तिनं चावली.

"लागते?"

"लागते, सर."

"मग मघाशी भांडली का नाहीस?"

"भांडले की, सर."

"ह्याला भांडण म्हणतात? पुचाट कुठली!" सर खेकसले. मग ताटाकडे बघत म्हणाले, "लूर्डस, खोडरबर कुठाय?"