सात नंबरचे धनेश

"दहा मिनिटं गप उभं राहा म्हणते. जंगलात गप कोण राह्यते? गप राहणारं एकच जनावर आहे." गुलाबभाऊ माझ्या कानाशी पुटपुटले.

जीपनं सिंदेवाहीच्या पुढं डांबरी सोडली होती आणि मागच्या बाकावर आम्ही तिघं दाटून बसलो होतो. एका खिडकीशी गुलाबभाऊ, मधे मी, दुसरीकडे वच्छला. पुढं ड्रायव्हरशेजारी उमेरा मॅडम, चंद्रपूरची पोरगी, सव्वीस वर्षांची, मांडीवर लॅपटॉप.

गुलाबभाऊंचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्याकडे माणूस जंगलात शिरला की बोलत चालतो. सरपणाला निघालेल्या बाया तर स्वतःच्या सासूपासून टीव्हीतल्या सासूपर्यंत सगळ्यांची उणीदुणी मोठ्यानं काढतात. वाघाला कळावं की माणसं येताहेत, आणि त्यानं बाजूला व्हावं. पक्षी मोजायचं काम नेमकं उलटं. ठरलेल्या जागी जायचं, दहा मिनिटं मुकाट उभं राहायचं, जो दिसेल, ऐकू येईल तो लिहायचा. अशा दहा जागा, दर महिन्याला. चार वर्षं झाली आम्ही त्या दहा जागा करतो. म्हणजे नऊ करतो.

आधी आम्ही चौघं होतो. चौथा देवराव, वच्छलाचा नवरा. दोन वर्षांपूर्वी, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, तो पहाटे टोपली घेऊन नाल्यापलीकडे गेला, जिथं आमची सात नंबरची जागा आहे तिथंच. दुपारी टोपली सापडली. बाकीचं संध्याकाळी सापडलं.

वच्छला सोळाव्या दिवशी कामावर आली. सहा नंबर झाला, आम्ही नाल्यापाशी पोचलो, आणि आता सातला चला हे तिच्यासमोर कोणाच्या तोंडून निघेना. गुलाबभाऊ दगडावर बसले. फॉर्म काढला. सात नंबरपुढं लिहिलं, धनेश, दोन. खाली एक रकाना असतो, हिंस्र प्राण्याच्या खुणा. तिथं लिहिलं, नाहीत. मी वाचलं आणि पाण्याची बाटली उघडून वच्छलाला दिली. त्या महिन्यात ते तिच्यासाठी होतं. दुसऱ्या महिन्यातही असेल. पुढं मात्र ते आमच्याच पायांसाठी होतं, कारण पायच नाला ओलांडायला तयार नव्हते. आम्ही यावर कधी बोललो नाही. चोवीस महिने, चोवीस फॉर्म, दर वेळी धनेश दोन. एकदा गुलाबभाऊंनी हिंमत करून तीन लिहिले होते.

आता ही उमेरा मॅडम जानेवारीत आमची साहेब म्हणून आली. आधीच्या साहेबांना देवराव वारले एवढंच कळवलेलं, हिला तेही नाही. तिनं आमचे सगळे फॉर्म कॉम्प्युटरला घातले आणि नकाशा काढला. सगळेच पक्षी आपल्याला दिसत नाहीत, पण दहा जागी किती दिसले त्यावरून सबंध जंगलात किती असतील याचा अंदाज कॉम्प्युटर बांधतो, असं तिनं मला समजावलं होतं. नकाशावर नऊ जागा वर्षावर्षानं पिवळ्या पडत होत्या, म्हणजे तिथले धनेश कमी होत होते. सात नंबर हिरवागार. तिथं धनेशाचं घरटं असणारच, ती म्हणाली. या दिवसांत मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेऊन बसते आणि नर तिला फळं भरवतो. चार माणसं पाहून तो येणार नाही, म्हणून ती एकटीच दुपारपर्यंत झाडाखाली बसणार होती. सांगताना तिचा चेहरा असा उजळला होता की मी नकाशाकडे पाहणं सोडलं.

जीपमधून उतरल्यापासून आम्ही तिला अडवायला पाहत होतो. गुलाबभाऊ म्हणाले, तिकडे आग्या मोहोळ आहे. मी म्हटलं, वाट मोडलीय. तिनं जीपीएस दाखवून सांगितलं की फक्त तीनशे मीटर आहे. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, माधवीताई, तुम्ही दर महिन्याला जाता ना तिथं, मग मला काऊन भीती घालता?

नाल्याला घोट्याएवढं पाणी होतं. उमेराच्या मागोमाग पलीकडच्या ओल्या वाळूत माझा पाय पडला आणि मला वाघाच्या पंजाचा ठसा दिसला. माझ्या तळहाताहून मोठा. त्याच्या खळग्यात पाणी अजून झिरपत होतं. वच्छला मागून येत होती, तिला दिसू नये एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी त्यावर चप्पल ठेवली आणि फिरवली. पुढं चाललेल्या पोरीला ओरडून दाखवायची खूण मी अशी माझ्याच पायानं पुसली.

तेवढ्यात वर वानर खाकरलं. एकदाच. मग दुसरं, मग लागोपाठ. वाघ-बिबट्या दिसला की वानरं अशी खाकरतात.

उमेरा थांबली, आमच्याकडे वळली आणि कुजबुजली, "तुम्ही इथंच थांबा. वानरं का ओरडतात, बघते मी. बिबट्या असला तर असला. दोन वर्षांत तुमच्या फॉर्मात वाघाची एक खूण नाही, म्हणून मी बिनधास्त आहे."

पुसलेल्या खुणेवरची चप्पल मी उचलली नाही. गुलाबभाऊ झाडांच्या शेंड्यांकडे पाहत राहिले, जणू धनेश मोजताहेत. पोरीनं रेकॉर्डर गळ्यात अडकवला आणि पाठ फिरवली. दहा पावलं गेली. बारा. पुढं करवंदीची जाळी होती आणि जाळीत वारा नसताना काहीतरी हललं, की मलाच तसं वाटलं, अजून सांगता येत नाही.

माझ्या बाजूनं पाणी उडवत वच्छला गेली. साडीचा ओचा एका हातात धरून, पळत. तिनं उमेराच्या पाठीवरची बॅग मागून धरली आणि दोन्ही हातांनी ओढली. मग बोलली ते मोठ्यानं, सगळ्या जंगलाला ऐकू जाईल असं.

"जाऊ नको, पोरी. माह्या माणसाले वाघानं इथीच खाल्लं. त्या दिवसापासून सात नंबरवर आमच्यातलं कोणीच गेलं नाई. ते धनेश आमी नाल्यावर बसून लिवले."