झुडपाआडची साल

मुलीने पिशवी ओट्यावर उपडी केली आणि रंगारी पातेलं घासायचा थांबला. वीतभर रुंद, आतून लालसर, ओली साल. गेल्या महिन्यापासून नुसते तुकडे हाती लागत होते, आणि आज ही पोर अख्खी पट्टी घेऊन आली होती.

"कुठून काढलीस?"

"कालव्याकाठच्या अर्जुनाचीच. मागे, झुडपाआड. तिथे कुणाचा हातच लागला नव्हता, बाबा. तुम्हीच सांगता ना, जुन्या घावावर घाव घालायचा नाही."

"किती खोल गेलीस?"

"पार लाकूड लागेपर्यंत. कशी एकसंध निघाली बघा!"

"छान केलंस," तो म्हणाला. ती खुशीत हातपाय धुवायला न्हाणीघरात गेली.

तो अर्जुन म्हणजे गल्लीचा फुकटचा वैद्य. कान ठणकला की पानांचा रस, हिरड्या सुजल्या की सालीची पूड. रंगाऱ्याने तर उभी हयात त्याच सालीच्या तांबूस रंगात कापडं बुडवली होती. बायकोचं हृदय थकलंय, आता दिवस काढायचे, असं डॉक्टर म्हणाल्यापासून सालीचा दुधातला काढा सुरू झाला. आणखी तीन घरांत तसलीच दुखणी होती. साल काढताना कोरी जागा बघायची, हा नियम सगळ्यांना त्यानेच शिकवला, आणि सगळ्यांनी तो इमानेइतबारे पाळला. झाडाच्या जिवासाठी मुळांना फांद्यांशी जोडणारी एक पट्टी मात्र शेवटपर्यंत राखायची असते, हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं तर लोक आधी तीच सोलतील, अशी भीती. अति शहाणा, त्याचा बैल रिकामा. पोटच्या पोरीला तरी सांगायला हवं होतं. त्याला स्वतःची चीड आली.

"झाड गेलं ना?"

आतल्या खाटेवरून बायकोने विचारलं. तीन उशांना टेकूनही तिला एका वाक्याला दोनदा दम घ्यावा लागे.

"तू बोलू नकोस. धाप लागेल."

"तीस वर्षं तुमच्याबरोबर साल उकळलीय मी. मला नका शिकवू."

तो दारात जाऊन उभा राहिला.

"गेलं. चहूबाजूंनी सोललं गेलं."

"वाळायला किती दिवस?"

"वर्ष जाईल. तोवर हिरवंच दिसेल."

"मग मला पुरेल की."

त्याला रागवावंसं वाटलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि पहिल्यांदा त्याने मान खाली घातली.

"तिला नका सांगू," ती हलकेच म्हणाली.

न्हाणीघराची कडी वाजली. मुलगी ओले हात ओढणीला पुसत आली, आईच्या कपाळावर हात ठेवला, डबा उचलला आणि कामावर जायला चपला चढवल्या.

"संपली की सांगा हं बाबा. अजून आणते."

"सांगतो," रंगारी म्हणाला आणि साल ठेचायला बसला.