शकुच्या माशांचं पाणी

काचेची पेटी पुन्हा हिरवीगार झालेली बघून धोंडिरामचं डोकं सणकलं. चारच दिवसांपूर्वी त्यानं अर्धं पाणी बदललं होतं, काचेवरचं शेवाळ ब्लेडनं खरवडलं होतं. सहा माशांतले आता दोन उरले होते. दोनच! शकु तापानं गेली त्याला तीन महिने झाले, आणि तिचे मासेही एकेक करून तिच्यामागे निघाले होते. लेक तर वाचली नाही, निदान हे तरी जगू देत, एवढंच त्याचं मागणं होतं. पण मागायचं कुणाकडं? देव त्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच सोडले.

खिडकीला वर्तमानपत्र चिकटवून त्यानं ऊन बंद केलं. तरी पाणी हिरवंच. मग दोन बाटल्यांत पेटीचं आणि नळाचं थोडं पाणी भरून तो कॉलेजात घेऊन गेला. घाटकोपरच्या त्या कॉलेजच्या रसायनशाळेत तो अठरा वर्षं शिपाई होता. नळ्या धुता धुता पोरांच्या बरोबरीनं शिकला होता. त्यानं पाणी आटवलं, त्यात हिराकस घातलं, आणि नळीच्या कडेनं अ‍ॅसिड थेंब थेंब सोडलं. घरच्या नळाच्या पाण्यात काही झालं नाही. पेटीच्या पाण्यात मात्र तपकिरी कडं धरलं. म्हणजे नायट्रेट. म्हणजे पेटीत अन्न कुजतंय आणि त्यावर शेवाळ माजतंय.

तो तरातरा घरी आला. त्याची बायको द्रौपदी ताटं वाढत होती.

"द्रौपदे, माशांना कोण खायला घालतं गं? मी सकाळी चिमूटभर टाकतो, तेवढं बास. वर आणखी टाकतंय ना कुणीतरी, तेच मारतंय त्यांना! शकुचे मासे आहेत ते, कळत नाही?"

द्रौपदीचा हात थांबला.

"मीच घालते," ती म्हणाली. "दोन्ही वेळेला. भाताचा पहिला घास. शकुचा."

तिनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"कावळ्याला ठेवायचा नाही म्हणालात. श्राद्ध नाही, पिंड नाही, आपण प्रतिज्ञा घेतलीय. ऐकलं ना मी? कधी उलटून बोलले? पण पोरगी उपाशी आहे असं वाटतं हो मला. तिचे मासे खातात तर तिलाच पोचत असेल, म्हटलं." मग तिचा आवाज फुटला. "म्हणजे चौघांना मीच मारलं?"

मोठी अक्कल पाजळत आला होता! त्याला स्वतःच्या जिभेची शिसारी आली.

"ऊन पण होतं गं," तो पुटपुटला. "उन्हानं पण होतं."

तिला ते पटलं नाही.

त्या दिवसापासून घास बंद झाला. पंधरवड्यात पाणी इतकं नितळ झालं, की पेटीतून पलीकडची भिंत दिसू लागली. दोन्ही मासे जगले. झकास झालं म्हणायचं, नाही का? पण द्रौपदी जेवायला बसली की पहिला घास उचलायची आणि तो हातातच राहायचा.

"सांगा ना," एका रविवारी दुपारी तिनं विचारलं, "आता हा कुठं ठेवू?"

तिच्या बोटांत भात वाळत चालला. शेवटी धोंडिराम तिच्यापुढं सरकला आणि तोंड उघडून बसला. तिनं घास भरवला. त्याला तो गिळवेना, थुंकवेना; तसाच तोंडात धरून तो हमसून हमसून रडला.