मोकळी ठेवलेली तारीख

सकाळचे ऊन आमच्या गावात उशिरा येते. पूर्वेला डोंगराची भिंत असल्यामुळे आभाळ उजळून बराच वेळ होतो, तरी खाली सावलीच असते. मग प्रकाश समोरच्या कौलांवर उतरतो, तिथून विजेच्या खांबावर, तिथून समाजमंदिराच्या पायरीवर. पायरीवर निजलेल्या कुत्र्याची पाठ उबदार होते आणि अगदी शेवटी ते ऊन माझ्या खालच्या कडेला लागून हळूहळू वर चढू लागते. आज कित्येक महिन्यांनी ते माझ्यापर्यंत पोहोचले.

मित्रांनो, या समाजमंदिराच्या दर्शनी भिंतीवर, छपराखाली टांगलेला जुना फळा तो मीच. नामा सुताराने सागाच्या तीन फळ्या जोडून मला घडवले. बॅटरीच्या जुन्या सेलमधली काळी पूड आणि पाल्याचा रस चोळून गावातल्या बायकांनी मला रंग दिला. शाळेतल्या फळ्यासारखा मी रोज पुसला जात नसे. गावात होणारा कार्यक्रम माझ्यावर लिहायचा आणि तो पार पडल्याशिवाय पुसायचा नाही, असा नियमच होता.

भाताची झोडणी उरकली की माझ्यावर अक्षरे उमटत. आधी डोंगरावरच्या ठाकरवाडीचा नाच, मग गावच्या मंडळींचे नाटक. येणारे-जाणारे थांबून, मला लिहिणाऱ्या गावातल्या जगदीशच्या वळणदार अक्षराचे कौतुक करीत. ते कौतुक मी स्वतःचेच मानले.

पुढे नाटकातली माणसे कारखान्यांत लागली. एकाची पाळी सकाळची, तर दुसऱ्याची दुपारची. त्या वर्षी जगदीशने सगळे लिहिले. फक्त ‘दिनांक’ या शब्दापुढची जागा मोकळी ठेवली. पाळ्यांची यादी लागली की भरू, असे तो म्हणाला.

वाडीवरचा म्हातारा लडकू नाचाला ढोल वाजवी. त्याला वाचता येत नसे, पण मोकळी जागा ओळखता येई. दर बाजाराच्या दिवशी तो डोंगर उतरून यायचा आणि त्या जागेवर बोट ठेवायचा. तारीख कळली असती, तर नाचणाऱ्या पोरांना तो वीटभट्टीवर जाण्यापासून तेवढे दिवस थांबवणार होता. एकदा त्याला इथेच जगदीश भेटला.

“तारीख पडली का रं?”

“नाय बाबा. अक्षयची पाळी बदलली. तो नाटकातला राजा हाय, त्याच्याबिगर कसं करायचं?”

“राजाला सुटी नाय व्हय?” लडकू हसला. “मंग आमच्या नाचात घाल त्याला. आमच्यात कोन राजा नाय, समदे येत्यात.”

जगदीशही हसला. मग लडकूने हळूच विचारले, “पोरं किती दिस थांबवू?”

“यादी लागू दे, मंग सांगतो,” म्हणत जगदीश निघाला.

पोरे भट्टीवर गेली. जगदीश नोकरीसाठी शहराकडे, शिळफाट्याला खोली घेऊन राहू लागला. पुढे माझ्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला गेला. हमरस्त्याकडून येणाऱ्या वाऱ्याने तो दिवसभर माझ्या अंगावर घासत राही. त्या अंधारात मी माझी अक्षरे मनातल्या मनात म्हणत असे. मला कुणी पुसले नव्हते. म्हणजे कार्यक्रम अजून व्हायचा होता.

काल पेंढ्यावर झाकायला कुणीतरी तो फ्लेक्स सोडून नेला. आज ऊन माझ्यावर चढत असतानाच लडकू आला. एका हातात काठी होती. दुसऱ्या हाताचे बोट उचलून तो ती मोकळी जागा शोधू लागला. बोट डावीकडून उजवीकडे गेले, वरून खाली आले. कुठेच थांबले नाही.

“कुठं व्हती रं ती?” त्याने मलाच विचारले.

मित्रांनो, तुमच्या गावात असा एखादा फळा असेल, तर त्याच्यावरची तारीख मोकळी ठेवू नका. जमेल तो दिवस लिहा, राजावाचून खेळ करावा लागला तरी चालेल. ती तारीख पाहायला कुणीतरी डोंगर उतरून येत असते.

लडकूने आपले बोट उन्हात धरून पाहिले. त्याला खडू लागला नव्हता.

माझ्यावर एकही अक्षर उरलेले नाही.